पिछाडी वळली की घोडा वळतो

प्रस्तावना

घोड्यावर बसायला शिकणाऱ्याच्या हाती आपल्याकडे सर्वांत आधी लगाम दिला जातो. उजवीकडे जायचे तर उजवी दोरी ओढ, डावीकडे जायचे तर डावी, थांबायचे तर दोन्ही. एवढे जमले की माणूस स्वार झाला असे धरतात आणि घोडाही तयार झाला असे धरतात. ही पुस्तिका या समजुतीविरुद्ध लिहिली आहे. मान डावीकडे वळवलेला घोडा सरळ पुढे धावू शकतो. घाबरला असेल तर मान डावीकडे ठेवून उजवीकडेही जाऊ शकतो. कारण तोंड आपल्या हातात असले तरी त्याला पुढे नेणारी ताकद मागच्या पायांत असते. स्वाराची पोटरी हलकेच लागली की घोड्याने पिछाडी एक पाऊल बाजूला न्यावी आणि पुन्हा शांत उभे राहावे, एवढी एकच गोष्ट या पानांतून शिकवायची आहे. ती नीट शिकवली तर पुढच्या बहुतेक गोष्टी सोप्या होतात. ती राहून गेली तर घोड्याचे तोंड आयुष्यभर सोसत राहते.

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या पट्ट्यातील वाचक डोळ्यांसमोर ठेवून हे लिहिले आहे. या तीन गावांना घोड्यांची गावे कोणी म्हणत नाही. उल्हासनगर १९४९ मध्ये कल्याणच्या लष्करी छावणीत आलेल्या सिंधी निर्वासितांनी वसवले. अंबरनाथ १०६० च्या शिलाहारकालीन शिवमंदिरासाठी आणि नंतर कारखान्यांसाठी ओळखले गेले. बदलापूरला पूर्वी प्रवासात घोडे बदलत असत, अशी आठवण गावात सांगतात. घोडा मात्र आजही इथे आहे. उल्हासनगरच्या कॅम्पांमधून लग्नसराईत वरातीच्या घोड्या फिरतात. बदलापूरच्या पुढे, उल्हास नदीच्या खोऱ्यात, काही शेतघरांवर हौसेने घोडे पाळतात. आणि उल्हासनगरला कर्जतची लोकल पकडली की अंबरनाथ, बदलापूर, वांगणी, शेलू करत नेरळ येते. तिथून वर माथेरानला घोडा हे आजही रोजच्या वाहतुकीचे साधन आहे. या तिन्ही ठिकाणच्या घोड्यांचे काम वेगळे, मालक वेगळे, पण अडचण एकच आहे: घोड्याला पुढून ओढणारे पुष्कळ, मागून वळवणारे फार थोडे.

आधी शरीर समजून घेऊ. उभ्या घोड्याच्या वजनाचा सुमारे साठ टक्के भाग पुढच्या पायांवर असतो. घोड्याला गळपट्टीचे हाड नसते; त्याची छाती दोन्ही खांद्यांच्या मध्ये स्नायूंनी तोललेली असते. मागचे पाय मात्र कटीच्या सांध्यातून थेट कण्याशी जोडलेले आहेत. म्हणून पुढचे पाय भार झेलतात आणि मागचे पाय रेटा देतात. हातगाडी मागून ढकलतात आणि मागूनच फिरवतात, तसे हे गणित आहे. मागचा एक पाय दुसऱ्याच्या पुढून ओलांडून पडला की सरळ रेटा तुटतो. त्या क्षणी घोड्याला उधळता येत नाही, लाथ मारण्यासाठी दोन्ही पायांवर जोर घेता येत नाही आणि मागच्या पायांवर उभे राहणेही कठीण जाते. म्हणजे पिछाडी बाजूला जाणे हा शोभेचा प्रकार नव्हे. घोड्याची ताकद कुठल्या दिशेने खर्च व्हावी हे ठरवण्याचा तो सर्वांत सौम्य मार्ग आहे.

दुसरी गोष्ट नजरेची. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्यामुळे त्याला मान न वळवता सभोवतालचे जवळजवळ ३५० अंश दिसते. पण शेपटीच्या थेट मागचा भाग दिसत नाही. ज्या अंगात सर्वांत जास्त ताकद, तेच अंग त्याच्या नजरेआड. तिथे काही हालले, आवाज झाला किंवा अचानक स्पर्श झाला की तो आधी लाथ मारतो किंवा पळतो, विचार नंतर करतो. पायाच्या इशाऱ्याने पिछाडी हलवायला शिकलेला घोडा या न दिसणाऱ्या अंगाबाबत माणसावर विसंबायला शिकलेला असतो. कुशीला स्पर्श झाला म्हणजे हल्ला झाला नाही, कोणी काहीतरी विचारते आहे, हे त्याला कळलेले असते. भित्र्या घोड्यांच्या स्वभावात या एका शिकवणीनंतर जो फरक पडतो त्याचे मूळ इथे आहे.

तिसरी गोष्ट कातडीची. अंगावर माशी बसली तर घोडा नेमकी तेवढीच जागा थरथरवून ती उडवतो. ज्या प्राण्याला माशीचे वजन कळते त्याला टाचेचा दणका मारण्याची गरज नसते. तरीही आपल्याकडचे अनेक घोडे पोटावर लाथा बसल्याशिवाय हलत नाहीत, आणि त्यांना ‘मठ्ठ’ म्हटले जाते. हा मठ्ठपणा जन्माचा नसतो. पोटरीचा दाब दिवसभर चालूच राहिला, घोडा हलला तरी थांबला नाही, तर त्या दाबाला काही अर्थ उरत नाही. अर्थ नसलेल्या गोष्टीकडे दुर्लक्ष करणे हे शहाण्या जनावराचे लक्षण आहे.

ही विद्या नवी नाही आणि परकीही नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात अश्वाध्यक्षाचे स्वतंत्र प्रकरण आहे. स्वारीच्या घोड्याच्या शिक्षणाचे जे प्रकार तिथे सांगितले आहेत त्यांत वल्गन, लंघन, धोरण यांच्या बरोबरीने नारोष्ट्र हा प्रकार येतो, म्हणजे केवळ इशाऱ्यावर चालणे. ग्रीसमध्ये झेनोफनने इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात अश्वविद्येवर ग्रंथ लिहिला आणि जबरदस्तीने करून घेतलेल्या हालचालीत घोड्याला समज नसते व सौंदर्यही नसते, असे मत त्यात मांडले. फ्रान्समध्ये द ला गेरिनिएर याने १७३३ च्या आपल्या ग्रंथात घोड्याचा खांदा किंचित आत घेऊन त्याला सरळ रेषेवर चालवण्याचा व्यायाम सविस्तर मांडला. आजच्या ड्रेसाज या घोडेस्वारीच्या प्रकारात तो व्यायाम पायाभूत मानतात. विसाव्या शतकात अमेरिकेतील गुराख्यांच्या परंपरेतून आलेल्या टॉम डॉरन्स आणि रे हंट यांनी तरुण घोड्यांचे शिक्षण मारझोडीतून बाहेर काढले. त्यांच्या पद्धतीतही पिछाडी मोकळी करणे हा सुरुवातीचा धडा आहे. देश वेगळे, काळ वेगळा, घोड्यांच्या जाती वेगळ्या. पण जाणते लोक फिरून मागच्या पायांपाशीच आले.

महाराष्ट्राला तर हे कोणी बाहेरून शिकवण्याची गरज पडू नये. सभासद बखरीत शिवकालीन पागेची रचना दिली आहे. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर जुमलेदार, दहा जुमल्यांवर हजारी. आणि दर पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी व एक नालबंद. घोड्याच्या पाण्याची आणि खुरांची एवढी काळजी करणारे राज्य घोड्याच्या शिक्षणाबाबत बेफिकीर असणे शक्य नाही. घोडा तयार करणाऱ्या माणसाला आपल्या भाषेत चाबुकस्वार म्हणत, देखभाल करणाऱ्याला मोतद्दार. मराठा स्वाराच्या एका हातात भाला किंवा तलवार असे. लगामासाठी दुसरा एकच हात उरे. घाटात, ओढ्यात, गर्दीत घोडा जागच्या जागी फिरवायचा तो मांडीच्या, पोटरीच्या आणि तोलाच्या जोरावरच. भीमेच्या खोऱ्यातील भीमथडी तट्टे याच कामात नावाजली. अलीकडे भीमथडीला घोड्याची स्वतंत्र जात म्हणून राष्ट्रीय पातळीवर नोंद मिळाली, ही आनंदाची गोष्ट आहे. जात टिकली; तिच्यावर बसण्याची विद्या मात्र पागा मोडल्या तशी विखुरली. ती लिहून ठेवलेली नव्हती, हातातून हातात जात होती. हात सुटले तशी साखळी तुटली.

ती पुन्हा जोडता येते याचे पुरावेही आहेत. मुंबई पोलिसांचे घोडदळ १९३२ मध्ये बंद झाले होते. जानेवारी २०२० मध्ये ते पुन्हा उभे करण्यात आले. गर्दीत काम करणारा पोलिसाचा घोडा माणसांच्या अंगावर समोरून घालायचा नसतो. त्याने आपली बाजू गर्दीकडे करून तिरके, एकेक पाऊल सरकत लोकांना मागे सारायचे असते. पायाच्या इशाऱ्यावर पिछाडी न हलवणारा घोडा या कामाला घातकच. आणि २६ सप्टेंबर २०२३ रोजी चीनमधील हांगझोऊ येथे आशियाई क्रीडास्पर्धेत मुंबईचा हृदय छेडा, कोलकात्याचा अनुष अगरवाला, इंदूरची सुदिप्ती हजेला आणि जयपूरची दिव्यकृती सिंह यांच्या भारतीय संघाने ड्रेसाजचे सुवर्णपदक जिंकले. १९८२ च्या दिल्ली स्पर्धेनंतर घोडेस्वारीत भारताला मिळालेले हे पहिले सुवर्ण, एकेचाळीस वर्षांनंतरचे. त्या मैदानावर घोडे तिरके चालतात, मागच्या पायांभोवती फिरतात, खांदा आत घेऊन लयीत जातात, आणि स्वार काही करतो आहे हे प्रेक्षकाला दिसतही नाही. त्या साऱ्या कौशल्याचा पहिला धडा हाच आहे: पोटरी लागली, पिछाडी एक पाऊल गेली, पोटरी सुटली.

आता आपल्या पट्ट्याकडे येऊ. उल्हासनगरच्या अरुंद गल्लीत वरात निघते. पुढे बँड, बाजूला दिव्यांच्या माळा, मध्येच फटाक्यांची लड, मागे नाचणारी पोरे. घोडीवर नवरदेव, कधी त्याच्यापुढे एखादे लहान मूल. घोडीवाला पुढून तोंडाशी धरून असतो. फटाका वाजला की घोडी दचकते, तो लगाम खाली खेचतो. तोंड जागेवर राहते, पण पिछाडी फिरते आणि ज्या बाजूला फिरते तिथे माणसे असतात. अपघात झाला तर घोडी अवखळ होती असे म्हणतात. खरे तर तिला शिकवलेच नव्हते. हीच घोडी कुशीवर दोन बोटे टेकवताच पिछाडी भिंतीकडे नेणारी असती, तर घोडीवाल्याला एका क्षणात तिला गर्दीपासून दूर फिरवता आले असते. स्वार अनोळखी आणि नवखा असतो म्हणून वरातीच्या घोडीला हे शिक्षण जमिनीवरून, हाताच्या इशाऱ्याने द्यावे लागते. या पुस्तिकेचा पहिला भाग मुद्दाम तसा केला आहे.

माथेरानचे चित्र वेगळे आहे. १८५० मध्ये ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांनी या डोंगराचा शोध लावल्यापासून तिथे घोडा आहे. १९०७ मध्ये नेरळहून छोटी रेल्वे वर गेली, तरी घोडा राहिला. २००३ मध्ये परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून घोषित झाला, आणि गाड्या वेशीवरच्या दस्तुरीलाच थांबत असल्याने पुढचा मार्ग बराच काळ पायी, हातरिक्षाने किंवा घोड्यावरून असे. चारशेहून अधिक परवानाधारक घोडे तिथे काम करतात. डिसेंबर २०२२ मध्ये ई-रिक्षा प्रायोगिक तत्त्वावर आल्यापासून अश्वपालांना पुढची चिंता आहे. मला वाटते, माथेरानच्या घोड्याचे भवितव्य त्याच्या चांगल्या वागणुकीवर बरेच अवलंबून राहील. लाल मातीच्या वाटेवर एका बाजूला उतार, समोरून दुसरा घोडा आणि खोगिरावर पहिल्यांदाच बसलेला पाहुणा, अशा वेळी पिछाडी कड्याकडे जाते की झाडीकडे यावर माणसाचा जीव अवलंबून असतो. पेव्हर ब्लॉकवर घोडे घसरतात ही अश्वपालांची तक्रार रास्त आहे. मागचा पाय दुसऱ्यापुढून ओलांडताना घोडा क्षणभर तीन पायांवर असतो. पायाखालची जमीन पकड देणारी नसेल तर उत्तम शिकवलेला घोडाही पडेल. म्हणून ठळक अक्षरांत सांगण्याची पहिली सूचना ही: हा सराव डांबरावर, काँक्रीटवर, फरशीवर किंवा पावसाळी चिखलात कधीही करू नये. मऊ, सपाट, कोरडी माती निवडावी.

शिकवण्याची रीत पुढच्या प्रकरणांत पायरीपायरीने येईल. तिचा गाभा इथे सांगतो. सुरुवात जमिनीवर, लगामाशिवाय, साध्या मोहरकीने करावी. घोड्याच्या डाव्या खांद्यापाशी उभे राहावे, मागच्या पायांच्या टप्प्याबाहेर. मोहरकीची दोरी धरून त्याचे नाक आपल्याकडे किंचित वळवावे, इतकेच की त्याच्या डोळ्याचा कोपरा दिसावा. मग स्वाराची पोटरी जिथे लागणार त्या जागी, तंगाच्या वीतभर मागे, बोटांची टोके टेकवावीत. दाब चार टप्प्यांनी वाढवायचा: आधी केसांवर, मग कातडीवर, मग स्नायूवर, आणि तरीही उत्तर नाही आले तर बोटांनी लयीत थापटत. प्रत्येक टप्प्यावर घोड्याला विचार करायला वेळ द्यायचा. त्याने नुसता भार उजव्या पायावर टाकला तरी हात तत्काळ काढायचा. पुढच्या वेळी अर्धे पाऊल मिळते, मग पूर्ण पाऊल. डावा मागचा पाय उजव्या मागच्या पायाच्या पुढून ओलांडून पडला, की धडा समजला. तिथे थांबावे, मानेवर हात फिरवावा, त्याला उभे राहू द्यावे.

या साऱ्यात सर्वांत महत्त्वाचा क्षण दाब देण्याचा नाही, दाब काढण्याचा आहे. घोडा दाबातून शिकत नाही. दाब संपला त्या क्षणी आपण काय करत होतो, ते तो लक्षात ठेवतो. पाऊल उचलले आणि त्याच क्षणी हात सुटला तर त्याला उत्तर सापडते. दोन-तीन सेकंद उशीर झाला तर तोपर्यंत त्याने डोके वर फेकलेले असते, शेपटी झटकलेली असते, आणि सुटका त्यामुळे झाली असे तो धरून चालतो. ‘हट्टी’ घोड्यांपैकी कितीतरी घोडे अशा चुकीच्या वेळी सुटलेल्या दाबातून घडलेले असतात. शिक्षकाचे हात मजबूत असण्यापेक्षा वेळेवर सुटणारे असावे लागतात.

मग दुसरी बाजू. डावीकडून शिकलेले घोड्याला उजवीकडून आपोआप येत नाही. आपल्याकडे घोड्याला डावीकडून धरतात, डावीकडून चढतात, डावीकडून खोगीर कसतात. त्यामुळे बहुतेक घोड्यांची उजवी बाजू अनोळखी आणि ताठर असते. उजव्या बाजूला सगळे पहिल्यापासून, तेवढ्याच धीराने शिकवावे लागते. ज्या बाजूला घोडा टाळाटाळ करतो तिथे जास्त जोर लावायचा नसतो, जास्त वेळ द्यायचा असतो.

खोगिरावर बसल्यावर इशारा तोच, फक्त हाताच्या जागी पोटरी येते. पाय तंगापाशी लागला म्हणजे ‘पुढे चल’ आणि वीतभर मागे लागला म्हणजे ‘पिछाडी बाजूला’, हा फरक घोड्याला लवकर कळतो. अट एवढीच की स्वाराने तो स्वतः नेमाने पाळावा. डावी पोटरी मागे घेतली, डाव्या हाताने नाक किंचित डावीकडे मागितले, उजवा लगाम शांत धरून पुढे जाणे अडवले, की पिछाडी उजवीकडे निघते. टाच वर उचलायची नाही, कमरेतून वाकायचे नाही, मांड दोन्ही बाजूंना सारखी ठेवायची. चालत्या घोड्यावर यात लयीचा भाग येतो. घोडा चालताना त्याचे पोट डावी-उजवीकडे डोलते. डावा मागचा पाय पुढे येत असताना पोट उजवीकडे झुकते आणि स्वाराचा डावा पाय आपसूक आत पडतो. नेमका तोच इशाऱ्याचा क्षण, कारण तेव्हा तो पाय हवेत असतो आणि त्याची जागा बदलता येते. जमिनीवर टेकलेल्या, भार घेतलेल्या पायाला कितीही टाच मारा, तो हलणार कसा? ही लय बसून ओळखता येऊ लागली की मारण्याची गरजच संपते.

काय बिघडू शकते तेही जाणून असावे. मान फार वळवली की घोडा खांद्यातून बाहेर पडतो आणि पिछाडी जागेवरच राहते. पुढे चालू लागला तर बाहेरचा लगाम सैल आहे. मागे सरकू लागला तर दोन्ही हात कडक आहेत. कान मागे पाडले, शेपूट फटकारली, दात खाल्ले, तर आधी दुखणे शोधावे. खोगीर पाठीला लागते का, तंगाखाली जखम आहे का, खूर गरम आहे का, नाल सैल आहे का, पाठीवर बोट दाबल्यास तो दबतो का? पायांत किंवा कमरेत दुखणाऱ्या घोड्याला आडवे पाऊल टाकायला लावणे ही क्रूरता आहे. शंका आली तर सराव थांबवून पशुवैद्याला दाखवावे. सराव दहा-पंधरा मिनिटांचाच असावा. प्रत्येक वेळी बाजूला घेतलेल्या पावलांनंतर घोड्याला सरळ आणि मोकळे चालवावे, नाही तर तो पायाचा प्रत्येक स्पर्श म्हणजे आडवे जाणे असे समजू लागतो. उधळलेल्या घोड्याला एका लगामाने वळवून पिछाडी सोडवून थांबवता येते हे खरे. पण ते संथ चालीत आधी शेकडो वेळा पक्के झालेले असले तरच. भरधाव घोड्याची मान झटक्याने वळवली तर घोडा आणि स्वार दोघेही पडतात.

इथे कायद्याचा उल्लेख आवश्यक आहे. वरातीच्या आणि टांग्याच्या काही घोड्यांच्या तोंडात आजही काटेरी लगाम दिसतात. ओझ्याच्या व ओढकामाच्या जनावरांसाठी १९६५ मध्ये केंद्राने केलेल्या नियमांनी काटे किंवा टोके असलेल्या लगामाला बंदी घातलेली आहे. २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मौजेसाठी चालणाऱ्या व्हिक्टोरिया घोडागाड्या बेकायदा ठरवल्या, त्यामागेही घोड्यांच्या हालांचा विचार होता. पण नुसत्या बंदीने काटेरी लगाम जाणार नाही. ज्या घोडीवाल्याला घोडी आवरण्याचा दुसरा उपाय माहीत नाही, तो एक लगाम जप्त झाला तर दुसरा आणेल. त्याच्या हाती दुसरा उपाय द्यायला हवा. पिछाडी इशाऱ्यावर हलवणारी घोडी साध्या लगामात, अनेकदा नुसत्या मोहरकीतही सांभाळता येते. तिच्या जिभेवर जखम नसते, म्हणून ती नीट खाते. नीट खाते म्हणून जास्त वर्षे काम करते. गरीब मालकासाठी दया आणि हिशेब इथे एकाच बाजूला आहेत, आणि ही गोष्ट त्याला त्याच्या भाषेत सांगण्याची जबाबदारी लिहिणाऱ्यांची आहे.

घोडा विकत घेणाऱ्यांनाही एक विनंती. दत्तजयंतीच्या सुमारास सारंगखेड्याच्या यात्रेत किंवा खंडोबाच्या माळेगावात घोडे पाहायला गेलात तर लोक रंग पाहतात, दात पाहतात, भोवरे आणि देवमण पाहतात, घोडा किती नाचतो ते पाहतात. त्यात एक परीक्षा वाढवा. विक्रेत्याच्या परवानगीने घोड्याच्या कुशीवर बोटे टेकवा आणि पिछाडी दोन्ही बाजूंना सहज जाते का पाहा. जो घोडा पाऊल बाजूला टाकून पुन्हा स्वस्थ उभा राहतो त्याला कोणीतरी धीराने वाढवले आहे. जो दचकतो किंवा दगडासारखा उभा राहतो, त्याच्या वाट्याला काय आले असेल याचा अंदाज करा आणि घरी नेल्यावर किती वेळ द्यावा लागेल ते ठरवा. नुकऱ्याचा पांढराशुभ्र रंग फोटोत छान दिसतो. गल्लीत उपयोगी पडते ती शिकवण.

पुस्तिकेच्या मर्यादाही सांगतो. कोरा, कधीच न हाताळलेला घोडा हाती असेल तर तिच्या भरवशावर एकट्याने काम सुरू करू नये. लाथ मारण्याची सवय लागलेल्या घोड्यासाठी अनुभवी माणूस बरोबर हवाच. मुलांना शिकवताना शिरस्त्राण आणि टाचेचे बूट यांवर तडजोड नको. शर्यतीसाठी किंवा उंच उड्यांसाठी तयारी करण्याचा हा ग्रंथ नव्हे. घोडा आणि माणूस एकमेकांना इजा न करता रोजचे काम करू शकावेत, एवढीच या पुस्तिकेची झेप आहे. शब्द शक्य तितके तबेल्यातले वापरले आहेत; जिथे आपल्याकडे रूढ शब्द नाही तिथे साध्या वाक्यात कृती सांगितली आहे.

उल्हासनगरच्या घोडीवाल्यांना, माथेरानच्या अश्वपालांना आणि बदलापूर-अंबरनाथच्या हौशी मालकांना माझे सांगणे एवढेच आहे. ही पाने वाचून बाजूला ठेवू नका. उद्या सकाळी दाणा देण्याआधी, अंग खरारताना, घोड्याच्या कुशीवर दोन बोटे टेकवा, वाट पाहा, आणि त्याने पाऊल उचलताच हात काढून घ्या. रोज दोन्ही बाजूंना चार-चार वेळा एवढेच करा. ज्यांना हे आधीपासून येते त्यांनी शेजारच्या तरुणाला शिकवावे, कारण पुस्तकाने या विद्येची फक्त आठवण करून देता येते; ती टिकते एका हातातून दुसऱ्या हातात गेली तरच.